ट्राउट परतला, पण पहारा कायम

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा मत्स्यव्यवसाय एका परोपजीवी जलचराने जवळजवळ बुडविला होता. सापासारखा लांबट, जबडा नसलेला हा सागरी लॅम्प्रे माशाला चिकटून त्याचे रक्त शोषतो. एकेक लॅम्प्रे सुमारे १८ किलो मासे मारू शकतो. पूर्वी नायगारा धबधबा त्याची वाट अडवीत असे. जहाजांसाठी वेलंड कालवा काढणाऱ्यांच्या मनात माशांचा विचार आला नसावा. १९२१ साली लॅम्प्रे ईरी सरोवरात आढळला, पुढे वरच्या सर्व सरोवरांत पसरला आणि ट्राउट मासा बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला.

लॅम्प्रेच्या अळ्या ओढ्यांच्या गाळात काही वर्षे वाढतात. शास्त्रज्ञांनी हेच मर्मस्थान हेरले. व्हर्नन ॲपलगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रसायने तपासून, इतर माशांना फारसा अपाय न करता या अळ्या मारणारे ‘टीएफएम’ शोधून काढले. १९५८ पासून ते ओढ्यांत सोडले जाऊ लागले. लॅम्प्रेंची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. सुपीरियर सरोवराच्या बहुतांश भागात ट्राउट पूर्ववत झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

तथापि २०२० व २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे हे काम आखडते घ्यावे लागले, आणि लॅम्प्रे पुन्हा वाढले. म्हणूनच अळ्यांचा शोध घेणारी पथके आजही दरवर्षी ओढ्यांत उतरतात.