विंड्रशवरचे पोलिश प्रवासी

'एम्पायर विंड्रश' हे जहाज म्हटलं की जमैकाहून इंग्लंडला आलेले तरुण आठवतात. २२ जून १९४८ रोजी ते टिलबरी बंदरात उतरले. राहायची सोय नसलेल्यांना लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या जमिनीखालच्या, युद्धकाळातल्या हवाई हल्ला निवाऱ्यात बंक दिले. जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनमध्ये, म्हणून बरेच जण तिकडेच स्थिरावले.

पण याच जहाजावर ६६ पोलिश प्रवासीही होते, हे किती जणांना ठाऊक आहे? मला त्यांचीच गोष्ट जास्त चटका लावते. स्टालिनच्या राजवटीने घरादारातून उचलून सोव्हिएत मुलखात हाकललेली ही माणसं. पुढे इराण, भारत करत मेक्सिकोला पोहोचली आणि युद्धानंतर तिथल्या टाम्पिको बंदरातून विंड्रशवर चढली.