कुलूप भक्कम, किल्ली उंबऱ्यावर

घरातील खरेदीखते, दाखले, पावत्या पूर्वी पेटीत कुलूपबंद असत. आज ते कागद फाइलींच्या रूपाने संगणकात नि मोबाइलमध्ये साठलेले असतात. त्यांचे रक्षण कसे होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणक सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, हा दारावरचा पहारेकरी होय. त्याला चुकवून कोणी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, तर आतील साधे कागद उघडेच पडतात. एन्क्रिप्शन, म्हणजेच कूटलेखन, याहून निराळे. त्यात मूळ मजकूरच गणिती रीतीने असा पालटला जातो की, किल्लीवाचून तो निरर्थक अक्षरांचा ढीग भासावा. ही विद्या आपणांस परकी नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ या सांकेतिक लेखनाची गणना केली आहे.

कुलपाची रचना शत्रूला ठाऊक झाली तरी चालावे, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, असे तत्त्व ऑगस्ट केरकहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले. २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेली ‘एईएस’ पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली ही पद्धती सर्वांना खुली आहे. तिची सर्वांत लहान किल्लीही १२८ बिटांची. अशा संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी भरते. त्या एकेक लावून पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मग भय कोठे आहे? ते आपण निवडलेल्या शब्दात आहे. ई-आधारच्या फाइलीचेच पाहा. तिचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. नाव ठाऊक असलेल्यास फार तर शंभरएक वर्षे पडताळून पाहावी लागतील. संगणकाला हे काम क्षणाचे! छपाईच्या दुकानात मागे राहिलेली अशी फाइल जवळजवळ उघडीच समजावी. म्हणून छपाई होताच ती तेथून पुसून टाकण्यास सांगावे आणि आपल्याजवळची प्रत स्वतःच्या परवलीने पुन्हा बंदिस्त करावी.

ही परवली कशी असावी? ७,७७६ शब्दांची यादी घेऊन फासे टाकून पाच शब्द निवडले, तर संभाव्य जुळण्यांची संख्या २० आकडी होते. परस्परांशी संबंध नसलेले शब्द तोडण्यास कठीण, पण पाठ करण्यास सुलभ असतात. फाइल ज्या मार्गाने धाडाल, त्याच मार्गाने परवली धाडू नये. ती दूरध्वनीवरून सांगावी.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानी ठेवावा. खऱ्या कूटलेखनाची किल्ली हरवली, तर ती घडवून देणारा लोहार नाही. चोराला अडविणारे गणित विसराळू धन्यालाही अडविते. यास्तव परवली एका कागदावर लिहून, विश्वासातील माणसाला ठावठिकाणा सांगून, तो कागद घरातल्या जुन्या पेटीतच ठेवावा हे उत्तम.