जुनी फार्गो खोलण्यापूर्वी

जयपूरमध्ये थंडीच्या दिवसांत विंटेज मोटारींचे मेळावे भरतात. तिथे गर्दी जमते ती राजघराण्यांच्या झळाळत्या मोटारींभोवती. त्याच शहरात एखाद्या हवेलीच्या मागच्या चौकात किंवा ट्रान्सपोर्ट नगरच्या कडेला, आयुष्यभर दगड, धान्य आणि मीठ वाहिलेली डॉज किंवा फार्गो पिकअप उभी असते. मराठी वाचकाला ही गाडी परकी वाटू नये. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळू लागल्या आणि देशभर गेल्या. डॉज आणि फार्गो हे मुळात एकाच गाडीवरचे दोन बिल्ले.

आता हौशी मंडळी अशा पिकअप घरच्या अंगणात नव्याने उभ्या करत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र यांतली बरीच कामे अर्ध्यात अडतात, आणि कारण शोधू गेल्यास ते रंगात किंवा इंजिनात न सापडता खोलण्याच्या पहिल्या काही दिवसांत सापडते. त्या दिवसांत जे कानावर पडते त्यातले पुष्कळसे चुकीचे असते.

“खोलायला काय लागते? जोडताना तेच उलट्या क्रमाने करायचे.”

कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांतच हे वाक्य छापलेले असते, त्यामुळे त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. सकाळी गिअरबॉक्स खोलून संध्याकाळी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या बाबतीत ते खरेही आहे. घरच्या कामात खोलणे आणि जोडणे यांमध्ये महिने जातात, कधी वर्षे जातात, आणि हाताची आठवण तेवढी टिकत नाही. आपल्याकडच्या पिकअपबाबत आणखी एक अडचण आहे. मालवाहू गाड्या पुष्कळदा चॅसिस आणि पुढचा भाग एवढ्याच विकल्या जात. केबिन आणि हौदा स्थानिक बॉडी-बिल्डर लाकूड-पत्र्यातून घडवत. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन फार्गोंची दारे एकमेकींना बसतीलच असे नाही. अमेरिकेत छापलेल्या पुस्तिकेत या केबिनबद्दल अवाक्षर सापडणार नाही. तिचा आराखडा एकाच ठिकाणी आहे: समोर उभ्या असलेल्या, अजून न खोललेल्या गाडीत.

म्हणून पाना उचलण्याआधी टेप उचलावी. दारांच्या फटी, केबिनचे कर्ण, हौद्याची चॅसिसपासूनची उंची लिहून ठेवावी. केबिन आणि चॅसिस यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टपाशी किती पॅकिंग आहे हे तर मोजलेच पाहिजे. ते मूळ जुळणीच्या वेळी केबिन समतल बसवण्यासाठी घातलेले असते आणि चारही कोपऱ्यांत सहसा सारखे नसते. कुजलेला तळपत्रा कापायचा असेल, तर दारे जागेवर असतानाच केबिनच्या आतून आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्यावेत. आधार गेला की केबिन काही मिलिमीटर उघडते किंवा मिटते, आणि मग दार कधीच नीट लागत नाही. बोल्ट शक्यतो ज्या भोकातून निघाला त्यातच हाताने फिरवून ठेवावा. ते जमत नसेल तिथे पिशवी हवी, आणि पिशवीत कागदी चिठ्ठीऐवजी क्रमांक कोरलेला पत्र्याचा तुकडा हवा. तेलकट पिशवीतली शाई सहा महिन्यांनी वाचता येत नाही.

“राजस्थानची गाडी आहे, कोरड्या हवेत गंज लागत नाही.”

यात निम्मे सत्य आहे आणि म्हणूनच हा समज घट्ट बसला आहे. मुंबईत वीस वर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि जयपुरातली तशीच गाडी शेजारी ठेवली, तर जयपूरची निश्चितच बरी दिसेल. पण गंजाला वर्षभर दमट हवा लागत नाही. पत्र्याजवळची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढतो. जयपुरात वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जुलै ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. जुलै १९८१ च्या पुरात तर शहराचे मोठे भाग पाण्याखाली होते. शिवाय हिवाळ्यात पहाटे थंड पत्र्यावर दव धरते.

कोरड्या प्रदेशाचा खरा शत्रू धूळ आहे. ती केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत, फूटबोर्डच्या दुमडीत आणि दिव्यांच्या वाट्यांमागे थरावर थर बसते. पावसाचे पाणी उघड्या पत्र्यावरून तासाभरात उडून जाते. या थरात मात्र ते दिवसेंदिवस राहते. त्यात गाडीने मीठ वाहिले असेल तर पाहायलाच नको. सांभर सरोवर जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजाची विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने चालू ठेवते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मडगार्डवर मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर असतो. ही तपासणी गाडी विकत घेण्याआधी करायची, खोलल्यावर नव्हे. आणि उन्हाने रबर, काचेभोवतीच्या पट्ट्या व वायरींचे आवरण यांची जी दशा केलेली असते, तो खर्च मुंबईच्या गाडीपेक्षा इथे जास्तच येतो.

“बोल्ट सुटत नाही? रॉकेल ओता, पाइप लावा, जोर काढा.”

रॉकेल पातळ असते, आट्यांत थोडे शिरते आणि कधीकधी बोल्ट सुटतोही. त्या एका यशावर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. जाम बोल्टला खरी गरज असते ती वेळेची आणि उष्णतेची. गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडावे, मध्ये बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत. तरीही हलला नाही तर नट तापवावा. नट बोल्टच्या आधी प्रसरण पावतो आणि दोघांमधला गंजाचा थर तडकतो. रॉकेल ओतलेल्या जागी मात्र ज्योत नेता येत नाही, आणि पेट्रोलच्या नळीजवळ तर मुळीच नाही. नट हलला की एक घर सोडवावा, अर्धे घर परत आवळावा, पुन्हा सोडवावा. सरळ ओढत नेल्यास सुटलेला गंजच पुढच्या आट्यांत अडकतो.

जोर लावण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आटे कोणत्या बाजूचे आहेत? त्या काळच्या डॉज आणि फार्गोंमध्ये गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. लष्करी विलिज जीपलाही तसेच. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार. पुष्कळदा बोल्टच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले असते, पण ते गंजाखाली किंवा रंगाखाली लपते. नेहमीच्या दिशेने चार फुटी पाइप लावणारा माणूस प्रामाणिकपणे नट आवळत असतो. मग बोल्ट तुटतो आणि दोष गंजाला दिला जातो.

पान्याचेही तसेच. या गाड्यांचे नट इंचात आहेत. चार सुती नट, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटरचा असतो. त्याला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो आणि जोर पडताच कोपरे खातो. साडेचार सुती नट १४.२९ मिलिमीटरचा, त्यावर १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा घसरतो. पाऊण इंचाला १९ चा चालून जातो, आणि तेवढ्या एका अनुभवावरून बाकीचेही चालतील असे मानले जाते. इंची पान्यांचा एक संच आधी घेतला, तर तुटलेले बोल्ट काढण्याचा कितीतरी पट खर्च वाचतो.

“जुनी वायरिंग आधी उपटून टाका, नवीन तर टाकायचीच आहे.”

नवीन टाकायचीच आहे, हे बरोबर. जयपूरच्या उन्हात कापडी-रबरी आवरणाचा भुगा झालेला असतो आणि ती वापरणे धोक्याचे आहे. पण ती जुनी जुडी म्हणजे गाडीचा नकाशा आहे. प्रत्येक वायर जोडणीपासून दोन इंचांवर कापावी, दोन्ही टोकांना एकच क्रमांक बांधावा आणि जुडी जमिनीवर पसरून तिचा फोटो घ्यावा. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या डॉज-फार्गोंत ६ व्होल्टची बॅटरी असे आणि तिचे धन टोक चॅसिसला जोडलेले असे. हे न पाहता वायरिंग काढून टाकली, की नवा इलेक्ट्रिशियन सवयीने ऋण टोक चॅसिसला लावतो. अँमीटर उलटा चालतो आणि डायनॅमो चार्जिंगला नकार देतो. शिवाय ६ व्होल्टवर तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह वाहतो, म्हणून मूळ वायरी जाड आहेत. आजच्या गाडीची बारीक वायर तिथे तापते.

“इंजिन फिरत नाही, म्हणजे गेले.”

वर्षानुवर्षे उभ्या गाडीत बहुधा एक-दोन सिलिंडरमध्येच रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. ज्यांच्या झडपा उघड्या राहिल्या, त्यांत ओलावा शिरतो. प्लग काढून तेल सोडावे आणि आठवडाभर थांबून हाताने हलवून पाहावे. गाडी ओढून गिअरमध्ये टाकणे हा उपाय नाही. त्याने चांगली रिंगही तुटते.

“टाकी रिकामी आहे, वेल्डिंग करायला हरकत नाही.”

हा यादीतला सर्वांत घातक समज आहे, आणि तो तर्काने आलेला आहे: पेट्रोल पेटते, पेट्रोल नाही, म्हणून भीती नाही. पण द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एका ठिणगीने स्फोट होतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत दोन्ही भरपूर असतात. कोपऱ्यांतल्या गंजाने आणि शिवणींनी धरून ठेवलेले पेट्रोल वर्षांनंतरही वाफ सोडते आणि पाण्याने एकदा विसळून ते जात नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. म्हणून टाकी सर्वांत आधी उतरवावी, कामाच्या जागेपासून लांब उघड्यावर ठेवावी आणि डाग लावायचा असल्यास टाक्यांचेच काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावी. घरच्या अंगणात ते करू नये.

“सगळे सुटे केले की सरसकट सँडब्लास्ट करून आणावे.”

तासाभरात काळवंडलेले लोखंड चांदीसारखे होते, मोह पडणारच. चॅसिस, अ‍ॅक्सल, चाकांच्या रिमा यांना ते चालते. दाराचा, बॉनेटचा पत्रा मात्र जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. कणांच्या माऱ्याने त्याची एक बाजू ताणली जाते आणि सपाट पत्रा लाटेसारखा होतो. कोणत्याही डेंटरला तो पुन्हा पूर्ण सपाट करता येत नाही. असा पत्रा रंग काढणाऱ्या रसायनाने आणि हाताने साफ करावा.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. नदीची वाळू वापरून ब्लास्टिंग केले तर सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाते. सिलिकोसिस काय करतो हे राजस्थानात कोणाला सांगावे लागू नये. खाणी आणि दगडकामातल्या रुग्णांसाठी राज्याने २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. काम देताना कण कशाचे आहेत ते विचारावे आणि गार्नेटसारखा पर्याय मागावा. काम करणारा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा असेल, तर तिथे काम देऊ नये. घरातही हीच काळजी हवी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ओले करून घासावे. ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

“जॅकवर उभी आहे, खाली चार विटाही लावल्या आहेत.”

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे वॉशर गळले की तो बसतो. वीट दाब सहन करते पण टोकावर भार आला की इशारा न देता फुटते. पोलादी स्टँड किंवा आडवे-उभे रचलेले जाड लाकडी ओंडके, याला पर्याय नाही.

“पन्नास वर्षे झाली, आता गाडी आपोआप विंटेज, काहीही बदलले तरी चालते.”

घडते नेमके उलट. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार विंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटणे ही केवळ एक अट आहे. गाडी मूळ रूपात असणे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसणे, ही दुसरी. ही नोंदणी आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. पिकअपची जुनी नोंद बहुधा मालवाहू म्हणून असते, तेव्हा तिला कोणता नियम लागू पडतो हे गाडी खोलण्याआधीच आरटीओत विचारून घ्यावे. याच्या उलट टोकाचा समज म्हणजे पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावीच लागते. तो दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या आदेशांतून आला. राजस्थानातले अलवर आणि भरतपूर त्या क्षेत्रात येतात. जयपूर येत नाही. दोन्ही बाबतींत गाडीची ओळख पटते ती चॅसिस आणि इंजिनावरच्या क्रमांकांवरून. घासण्याआधी त्यांचे फोटो आणि पेन्सिलने कागदावर घेतलेला ठसा हवा. ग्राइंडर त्या जागेला लागता कामा नये.

“कुजलेले भाग ठेवून काय करायचे? भंगारवाल्याला द्या, जागा मोकळी होईल.”

जागेची अडचण खरी आहे आणि घरच्यांची कुरकुरही रास्त आहे. तरीही कुजलेला तळपत्रा नव्या पत्र्याचा साचा असतो: पेडल कुठून येते, हँडब्रेकची फट किती, सीटची चार भोके कुठे, हे त्याच्यावरच दिसते. हौद्याची सडलेली फळी नवी फळी कापताना खाली ठेवायला लागते. तडकलेली काच नव्या काचेचा कागदी नमुना काढायला लागते. हे सगळे गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवावे, आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडल्यावरच भंगारवाल्याला हाक मारावी.