दातांचं इंजेक्शन, फ्रेंच गोळी आणि एचआयव्ही

तुम्ही साखरझोपेत असता तेव्हाच मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक सोडायला लागतात. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोचतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. मात्र सदानकदा चढंच राहिलं, तर प्रतिकारशक्ती दबते. एचआयव्हीच्या काही रुग्णांत ते वाढलेलं आढळलं आणि प्रश्न पडला: ते उतरवलं तर?

पहिला उमेदवार प्रोकेन. दातांच्या दवाखान्यातलं जुनं नोव्होकेन ते हेच! रुमानियाच्या डॉक्टर आना अस्लान यांनी १९५०च्या दशकात तेच तारुण्य टिकवणारं औषध म्हणून गाजवलं. पुढे सॅमॅरिटन नावाच्या अमेरिकी कंपनीने प्रोकेनचं ‘अँटिकॉर्ट’ करून एचआयव्हीच्या रुग्णांवर चाचण्या घेतल्या. बाजारात काही ते आलं नाही.

दुसरी कथा मला जास्त भावते. मिफेप्रिस्टोन म्हटलं की गर्भपाताची गोळी आठवते. पण १९८०मध्ये ते हाती लागलं, तेव्हा फ्रान्सच्या रूसेल-युक्लाफ कंपनीचे संशोधक कॉर्टिसॉलची वाट अडवणारं रसायन शोधत होते. इकडे एचआयव्हीचं ‘व्हीपीआर’ हे चिमुकलं प्रथिन, जेमतेम ९६ अमिनो आम्लांचं, पेशीतल्या कॉर्टिसॉलच्या ग्राहीशीच संधान बांधतं. प्रयोगशाळेत मिफेप्रिस्टोनने ही जोडी फोडली. मग अमेरिकेत रुग्णांना २८ दिवस ७५, १५० किंवा २२५ मिलिग्रॅम औषध दिलं, काहींना नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. विषाणू हलला नाही. गंमत म्हणजे या औषधाने रक्तातलं कॉर्टिसॉल उलट वाढू शकतं: वाट अडली की मेंदूला ते कमीच पडतंय असं वाटतं आणि तो आणखी मागवतो.

आणि आता उलटी गोष्ट, आपल्या कामाची. आपल्याकडे दुसऱ्या फळीच्या एआरटीत (एचआयव्हीविरोधी उपचारांत) अटाझानाविरसोबत दिलं जाणारं रिटोनाविर यकृतातलं स्टेरॉइड मोडणारं एन्झाइम रोखतं. अशात सर्दीसाठी नाकात मारायचा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा साधा स्प्रेही अंगात साचत जातो. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, कातडीवर जांभळे पट्टे उमटतात. तपासणीत मात्र कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य, कारण आयतं स्टेरॉइड मिळाल्यामुळे ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. म्हणून स्प्रे मनाने एकदम बंद करू नका. बाटली घेऊन एआरटी केंद्रात जा, डॉक्टरांना दाखवा. त्याऐवजी रिटोनाविरसोबत बरंच सुरक्षित ठरणारं बेक्लोमेथासोन आहे.