विहिरीवरील यंत्राचा कारभारी
(जोडलेल्या शेतीयंत्रांसाठीं ऑपरेटिंग सिस्टिमची निवड)

विहिरीवरील मोटर घरबसल्या मोबाईलवरून सुरू करणारा स्टार्टर, जमिनींतील ओल मोजणारी कांडी, पानांवरील दंव व हवेंतील आर्द्रता टिपणारें हवामानयंत्र, ठिबकाच्या झडपा पाळीपाळीनें उघडणारी पेटी, हीं साधनें आतां आपल्याकडे नवलाचीं राहिलेलीं नाहींत. घेणारा किंमत विचारतो, पेटीचा पत्रा वाजवून पाहतो, हमीची मुदत किती तें पाहतो. पेटीच्या आंत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक यंत्र दोन वर्षें चालेल कीं दहा, हें पत्र्यापेक्षां या गोष्टीवर अधिक अवलंबून असतें. एकट्या शेतकऱ्यास ही निवड करतां येत नाहीं हें खरें. ती यंत्र घडविणारा करतो. परंतु एकादी सहकारी संस्था जेव्हां आपल्या सभासदांसाठीं शें-दोनशें पेट्या एकदम घेते, किंवा एकाद्या कारागिराकडून मुद्दाम बनवून घेते, तेव्हां ही निवड खुद्द आपल्या हातीं येते. त्या वेळीं काय पाहावें, याचा विचार येथें केला आहे.

यंत्रांतील चिप हा अंगमेहनती गडी समजला, तर ऑपरेटिंग सिस्टिम हा त्याजवरील कारभारी होय. पाण्याची पातळी पाहणें, मोटरीचा प्रवाह मोजणें, मोबाईलचा निरोप घेणें, घड्याळ राखणें, अशीं अनेक कामें त्या एका गड्यापुढें एकाच वेळीं येऊन पडतात. कोणतें अगोदर करावयाचें, कोणतें थांबवावयाचें, कोणास किती मेमरी द्यावयाची, हें कारभारी ठरवितो. जेथें काम एकच, तेथें कारभारी लागत नाहीं. टाकी भरली कीं मोटर बंद करणाऱ्या साध्या पेटीस तो नसला तरी कांहीं अडत नाहीं. किंबहुना नसलेलाच बरा. परंतु यंत्र इंटरनेटशीं जोडलें, कीं निरोपांची देवघेव, ते निरोप गुप्त लिपींत लिहिणें, समोरच्याची ओळख पटविणें, असा मोठा व्याप मागें लागतो, आणि तेथें जाणता कारभारी पाहिजे.

पहिला प्रश्न विजेचा. शेताच्या मध्यभागीं पुरलेल्या ओलमापक कांडीस तार नेतां येत नाहीं. तिनें सेलवरच दिवस काढावयाचे असतात. समजा, तिच्यांत २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल आहेत. लिनक्ससारखी मोठी सिस्टिम चालविणारा लहानसा संगणक नुसता जागा राहण्यास सुमारें १०० मिलिअँपिअर प्रवाह ओढतो असें धरलें, तर हे सेल २५ तासांत संपतील. उलटपक्षीं लहान चिपेवरील लहान सिस्टिम दर अर्ध्या तासानें क्षणभर उठते, ओल मोजते, आंकडा रेडिओनें धाडते व पुन्हां निजते. तिची सरासरी ओढ ५० मायक्रोअँपिअर राखतां आली, तर हिशेबानें तेच सेल ५०,००० तास, म्हणजे साडेपांच वर्षांहून अधिक चालावे. सेल आपणहून झिजतात, म्हणून प्रत्यक्षांत मुदत कमी भरते. तथापि एक दिवस व कांहीं वर्षें यांतील अंतर त्यानें पुसलें जात नाहीं. आपल्या देशांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा रेडिओपट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांस परवान्यावांचून खुला आहे, व लोरा पद्धतीचीं अशीं यंत्रें त्यावर चालतात. सबब सेलवरील यंत्रांत लिनक्स असल्याचें विक्रेता अभिमानानें सांगूं लागला, तर तेथेंच सावध व्हावें.

विहिरीवरील पेटीस विजेची वाण नाहीं. मात्र तेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. लिनक्स आपल्या वह्या मेमरी कार्डावर लिहीत असतां मध्येंच पुरवठा तुटला, तर लिहिणें अर्धवट राहतें, आणि वीज परत आल्यावर पेटी उठतच नाहीं असा प्रसंग ओढवूं शकतो. यास उपाय आहे. सिस्टिमचा भाग केवळ वाचनापुरता ठेवावा व रोजचे आंकडे निराळ्या जागीं लिहावे. हें केलें आहे काय, हें विचारण्यापेक्षां विक्रेत्यासमक्ष पेटीची वीज वीस वेळां अचानक तोडून पाहणें अधिक सोपें व खात्रीचें.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि येथें पुष्कळांची गैरसमजूत होते. वेळेवर काम करणें व जलद काम करणें या दोन गोष्टी निराळ्या. तीन फेजांपैकीं एक गेला, तर उरलेल्या दोहोंवर मोटर अधिक प्रवाह ओढते, वेटोळीं तापतात व अखेर जळतात. अशा वेळीं पेटीनें ठरलेल्या मुदतींत मोटर तोडलीच पाहिजे. त्याच क्षणीं ती मोबाईलला उत्तर देण्यांत गुंतली असली तरी. ज्या सिस्टिमा अशी मुदत पाळण्याची हमी देतात, त्यांस रिअल-टाइम सिस्टिम म्हणतात. साध्या लिनक्समध्यें ही हमी नव्हती. ती देणारी सुधारणा सुमारें वीस वर्षें बाहेर वाढत राहिली व २०२४ च्या अखेरीस निघालेल्या ६.१२ या आवृत्तींत मूळ लिनक्समध्यें दाखल झाली.

हमीची सिस्टिम घेतली म्हणजे सर्व झालें, असेंही नाहीं. ४ जुलै १९९७ रोजीं अमेरिकेचें पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें. त्यांत व्हीएक्सवर्क्स नांवाची नामांकित रिअल-टाइम सिस्टिम होती. कांहीं दिवसांनीं यानांतील संगणक आपोआप पुन्हां पुन्हां नव्यानें सुरू होऊं लागला. कारण असें निघालें : हवामानाचे आंकडे गोळा करणारें काम सर्वांत खालच्या मानाचें होतें, आणि सर्वांस सामायिक अशा एका साधनाची किल्ली त्याच्याजवळ होती. वरच्या मानाचें काम त्या किल्लीसाठीं खोळंबलें. एवढ्यांत मधल्या मानाचीं कामें येऊन त्यांनीं खालच्यास बाजूस सारलें. त्यामुळें किल्ली सुटेना, व वरचें काम मुदतींत होईना. हें आपल्या पाटाच्या पाण्याच्या भाषेंत सांगावयाचें, तर दरवाजाची किल्ली धाकट्या गड्याकडे, त्यास वाटेंत कोणीतरी भलत्याच कामास जुंपलेलें, आणि पाळीचा मालक दरवाजाशीं तिष्ठत उभा. उपायही त्याच जातीचा. किल्ली ज्याच्या हातीं असेल, त्यास किल्ली परत देईपर्यंत तिष्ठणाऱ्याचाच मान द्यावा. व्हीएक्सवर्क्समध्यें ही सोय होतीच. ती त्या ठिकाणीं बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून आज्ञा धाडून ती चालू केली, आणि यान सुरळीत झालें.

मंगळावरील यंत्र येथून दुरुस्त करतां आलें, तर शिवारांतील पेटी कां येऊं नये? पण फेज-रक्षणाचें काम केवळ सिस्टिमवर न सोंपवितां निराळ्या रिलेकडे, म्हणजे आपल्या नेहमींच्या प्रिव्हेंटरकडे, ठेवावें असें माझें मत आहे. तीस-चाळीस हजारांच्या मोटरीचा जीव एका प्रोग्रॅमच्या भरंवशावर टांगूं नये.

आतां तिसरा व खरा महत्त्वाचा प्रश्न : दहा वर्षें हिची दुरुस्ती कोण करणार? शेतांतील यंत्र दीर्घायुषी असतें. व्यापाऱ्यांचे बेत तितके दीर्घायुषी नसतात. गूगलनें अँड्रॉइड थिंग्ज ही जोडलेल्या यंत्रांची सिस्टिम २०१८ मध्यें पूर्णपणें बाजारांत आणली, दुसऱ्याच वर्षीं तिचा आवांका आखडला आणि २०२२ मध्यें ती बंद केली. अशा यंत्रांचे निरोप स्वीकारणारी त्याच कंपनीची सेवा ऑगस्ट २०२३ मध्यें बंद झाली. आर्म या चिपांचे आराखडे करणाऱ्या कंपनीनें आपल्या एम्बेड सिस्टिमचा अंत जुलै २०२६ मध्यें होईल, असें २०२४ मध्यें जाहीर केलें. यांत कोणी लबाडी केली असें नव्हे. कंपन्यांस तोटा दिसला, त्यांनीं हात आंखडता घेतला. मात्र ज्याच्या शेतांत पेटी उभी आहे, त्यास हात आंखडतां येत नाहीं.

दुरुस्ती थांबली म्हणून चालू यंत्र त्याच दिवशीं बंद पडत नाहीं. परंतु जगाशीं जोडलेलें यंत्र दुरुस्तीवांचून ठेवणें म्हणजे वाड्याचा दरवाजा उघडा टाकणें होय. २०१६ मध्यें मिराई नांवाच्या प्रोग्रॅमनें कारखान्यांतून आलेले साठाच्या वर ठराविक पासवर्ड लावून पाहून जगभरचे लक्षावधि कॅमेरे व राउटर काबीज केले, आणि २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या जोरावर अमेरिकेंतील अनेक मोठ्या संकेतस्थळांची वाट अडविली. त्या यंत्रांत लिनक्सच होतें. दोष लिनक्सचा नव्हता, न बदलणाऱ्या पासवर्डाचा व न होणाऱ्या दुरुस्तीचा होता. २०२० मध्यें ट्रेक नांवाच्या कंपनीच्या जुन्या संदेशवहन-प्रोग्रॅममध्यें १९ दोष उघडकीस आले. तो वर्षानुवर्षें हातोहात विकला जाऊन इतक्या यंत्रांत मुरला होता कीं तो आपल्या मालांत आहे, हें कित्येक उत्पादकांस ठाऊकही नव्हतें. म्हणून पेटींतील सर्व प्रोग्रॅमांची यादी खरेदीच्या कागदाबरोबर मागावी.

या कसोटीवर आजच्या सिस्टिमांकडे पाहूं. फ्रीआरटीओएस ही रिचर्ड बॅरी यांनीं २००३ मध्यें काढली, व २०१७ पासून ती ॲमेझॉनच्या आश्रयाखालीं आहे. तिचा गाभा ६ ते १२ किलोबाइट एवढाच भरतो, आणि स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या ईएसपी-३२ चिपेची कंपनीची प्रोग्रॅमसामग्री हिच्यावरच उभी आहे. जाणणारे कारागीर पुष्कळ, हा तिचा मोठा गुण. झेफिर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं अनेक चिप-कंपन्या मिळून राखतात. ती शिकण्यास जड आहे. पण एक घर बसलें तरी बाकीचीं उभीं राहतात, आणि चिप बदलावी लागली तर बरेंचसें काम वांचतें. थ्रेडएक्स मायक्रोसॉफ्टनें २०१९ मध्यें विकत घेतली व २०२३ मध्यें एक्लिप्स फाउंडेशनकडे सोंपविली. या तिहींचा मूळ मजकूर खुला आहे. माझा कौल असा कीं ओलमापक कांडीस व विहिरीवरील पेटीस झेफिर किंवा फ्रीआरटीओएस घ्यावी. आणि शेंकडों कांड्यांचे आंकडे जेथें एकत्र येतात, त्या संस्थेच्या कचेरींतील यंत्रास लिनक्स घ्यावें. तेथें वीज आहे, जागा आहे, देखरेखीस माणूसही आहे.

घड्याळाची एक बाब विसरूं नये. अनेक सिस्टिमा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या खात्यांत मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजीं आपल्या वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं तें खातें भरतें, आणि त्यानंतर घड्याळ उलटून १९०१ सालीं जातें. वेळेवर झडपा उघडणारी पेटी तेव्हां काय करील हें सांगणें नको. आज बसविलेली पेटी त्या दिवशीं कामावर असणें अशक्य नाहीं. ३२ बिटांच्या लिनक्समध्यें ही दुरुस्ती २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून झाली आहे. इतरांविषयीं विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावें.

खुली सिस्टिम घेतली तरी एक फांस उरतोच. दुरुस्ती दुरून पोंचविण्यासाठीं चिपेंत दोन प्रतींची जागा लागते. नवी प्रत उठली नाहीं तर यंत्रानें जुनीवर परत यावें. नवी प्रत खरी कीं खोटी, हें पारखण्यास उत्पादकाची डिजिटल सही लागते. ही सहीची सोय हवीच. तिच्यावांचून कोणीही आपला प्रोग्रॅम पेटींत घुसवील. परंतु सहीची किल्ली उत्पादकापाशीं राहिली आणि त्याचें दुकान बंद झालें, तर मजकूर खुला असूनही पेटी कोणास उघडतां येणार नाहीं. याकरितां संस्थेनें करारांत लिहून घ्यावें कीं, उत्पादकानें माल बनविणें थांबविल्यास सहीची किल्ली व प्रोग्रॅमचा संपूर्ण मजकूर संस्थेच्या स्वाधीन होईल, आणि तोंवर त्यांची मोहोरबंद प्रत एकाद्या त्रयस्थाकडे राहील. ही अट मान्य करणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी त्याच्याकडूनच माल घ्यावा.