घराण्याचे कागद आणि समाजाचा इतिहास

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी प्रथमच पणजोबांच्या काळातील दप्तरांची चौकशी केली. मोडी वाचणाऱ्यांची उणीव तेव्हाच अनेकांच्या ध्यानी आली. दाखल्याचे काम झाले की हे कागद पुन्हा बासनात जातात. वस्तुतः त्यांचे खरे वाचन तेथून पुढे सुरू व्हावयास हवे.

आपल्याकडे कुलवृत्तांतांची परंपरा जुनी आहे. मूळपुरुष, गोत्र, वंशवृक्ष यांची त्यांत परिश्रमपूर्वक नोंद असते. परंतु कोण कोणाचा पुत्र, एवढे सांगून बहुतेक कुलवृत्तांत थांबतात. घराण्याने गाव का सोडले, जमीन का गमावली, हे प्रश्न बाजूस राहतात. ‘कोण’ सोडून ‘का’ विचारू लागताच घराण्याचा वृत्तांत समाजाचा इतिहास होऊ लागतो.

पुणे जिल्ह्यातील जुन्या भीमथडी तालुक्याचे उदाहरण घ्यावे. ‘सावकाराने जमीन गिळली’ एवढीच आठवण एखाद्या शेतकरी कुटुंबात उरलेली असते. तिचा माग काढणारा थेट अमेरिकेत पोहोचतो. तेथे १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, कर्ज सुलभ झाले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले. १८६७ पासून इंदापूर व नंतर इतर तालुक्यांत शेतसारा वाढला. सावकारांनीही हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उद्रेक झाला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर कर्जरोख्यांवर होता. ठिकठिकाणी त्यांची होळी झाली. तेव्हा त्या परिसरात एखाद्या कुटुंबाच्या कर्जाचा त्यापूर्वीचा कागद सापडला नाही, तर त्या अभावाचाही अर्थ शोधला पाहिजे. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांच्या रोख्यांची नोंदणी आवश्यक केली. कागद का नाही आणि पुढे का आहे, या दोहोंची कारणे इतिहासातच आहेत.

अर्थात ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांच्या घरी खतेही नव्हती. लेकी तर लग्न होताच वंशवृक्षातून नाहीशा होतात. त्यांचा शोध कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींत, शाळेच्या जुन्या रजिस्टरांत आणि वृद्धांच्या आठवणींत घ्यावा लागतो. १९१८ च्या पानांवर एकाच घरातील मृत्यू पाठोपाठ नोंदलेले दिसले, की इन्फ्लुएंझाची साथ ही पाठ्यपुस्तकातील ओळ राहत नाही. मात्र घरच्या आठवणी बहुधा घराण्याला शोभेल अशाच सांगितल्या जातात. म्हणून त्या कागदाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. सामान्य कुटुंबांच्या इतिहासासाठी असा संशोधक दारी येईल, या आशेवर राहण्यात अर्थ नाही. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांनीच रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी आजोबांची ट्रंक उघडावी, आणि आजीकडे तिच्या माहेरची चौकशी करावी. कागद कदाचित दुसरीकडेही मिळेल. आजीजवळची माहिती अन्यत्र मिळणार नाही.