कळ सोसण्याची सवय

शाळेत बाईंना करंगळी दाखवायची, घरी ‘जाऊन येते’ म्हणायचे. लघवी हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नसतो, हे आपण अक्षरओळखीच्या आधीच शिकतो. तेव्हा वार्षिकात हा विषय पाहून कोणी हसेल, कोणी नाक मुरडेल. असो.

मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. मूत्रपिंडे दिवसाला साधारण दीड लिटर मूत्र तयार करतात. पिशवीत १५० ते २०० मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते; ४००-५०० झाले की धीर धरवत नाही. निरोगी माणसाला दिवसाकाठी सहा ते आठ वेळा जावे लागते.

आता हा हिशेब आपल्या गावाला लावून पाहा. भाईंदरहून चर्चगेटला लोकलने तास-सव्वातास लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नसते. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि गर्दीमुळे सोडून दिलेल्या गाड्या वेगळ्याच. माझी आई तर लोकलनेही जात नाही. ती मीरा रोडला चार घरची कामे करते. ज्या घरांतील संडास ती घासते, तो तिने वापरायचा नसतो. म्हणून सकाळी अर्धा कप चहा, आणि मग दुपारी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आमच्या चाळीतल्या, मुंबईला कामाला जाणाऱ्या बायकांचेही हेच गणित.

पाणीच प्यायले नाही तर प्रश्नच मिटला, असे त्यांना वाटते. होते उलटेच. लघवी दाट होते, वेळेवर बाहेर पडत नाही आणि जंतूंना वाढायला सवड मिळते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा त्याच्या सुमारे पाचपट. म्हणून बायकांना हा संसर्ग फार लवकर होतो. जळजळ सुरू झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धण्याचे पाणी पितो. पण संसर्ग असेल तर तो धण्याने जात नाही. शिवाय त्यात दर अर्ध्या तासाने कळ येते, म्हणून बाई पाणी आणखी कमी करते. गेल्या वर्षी आईला थंडी वाजून ताप भरला तो यातूनच. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, वर भरपूर पाणी प्या म्हणाले. प्यायलेले पाणी सोडायचे कुठे, ते चिठ्ठीवर नव्हते.

पुरुषांची यातून सुटका आहे असे नव्हे. पन्नाशीनंतर पौरुषग्रंथी वाढते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. मधुमेहातही तेच. बाळंतपणानंतर कित्येक बायकांना खोकताना, हसताना थेंब सुटतात. मग लग्नकार्ये टळतात, एस.टी.चा प्रवास नको होतो आणि लोक म्हणतात, म्हातारी माणूसघाणी झाली! वास्तविक यावर उपाय आहेत. अमेरिकेतील डॉ. केगल यांनी ओटीपोटाखालचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम १९४८ मध्येच मांडले. त्यांना पैसा लागत नाही. पण आधी कोणापाशी तरी तोंड उघडावे लागते.

ते मुंबईतल्या बायकांनी उघडले. २०११ मध्ये ‘कोरो’ आणि इतर संस्थांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हे का, असा त्यांचा साधा सवाल होता. बाई कशासाठी आत गेली ते आम्हांला कसे कळणार, हे शौचालय चालवणाऱ्यांचे उत्तर! पुढे पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला. रस्त्यावर स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे असणे हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ती पुरवणे महापालिकांचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले.

आपल्या महाविद्यालयापुरते सांगायचे तर मुलींच्या प्रसाधनगृहाला दुपारनंतर कुलूप असते. किल्ली शिपाईमामांकडे. मामा भले आहेत, पण त्यांच्यापुढे जाऊन ती मागण्यापेक्षा पुष्कळ मुली शेवटचा तास तसाच काढतात. ती किल्ली मुलींच्या खोलीत खिळ्याला टांगावी, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे.